नोंदीत सगळीकडे माझेच नाव

बदलापूर, सन २००७

मी माधवी बाळाजी शेलार, वय २९ वर्षे, धंदा नोकरी, अंबरनाथ एमआयडीसीतील रंगाच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व आई अशा दोघीच राहतो. वडील हयात नाहीत. माझे पूर्वी एकदा लग्न झाले होते व कोर्टातून फारकत झाली आहे. कंपनीत हे कोणाला माहीत नाही.

आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाची वेबसाइट आहे. घरी कॉम्प्युटर असलेले आमच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून चिटणीस विष्णुपंत सावंत यांनी दर रविवारी दुपारी स्टेशनजवळचे एक सायबर कॅफे ठरवून दिले आहे. मुले, मुली, त्यांचे मामा-काका तिथे शेजारी शेजारी बसून माहिती भरतात. मागच्या महिन्यात आईच्या आग्रहावरून मी गेले. पासवर्ड टाकून नाव, पत्ता, नोकरीचे ठिकाण, मोबाइल नंबर भरला. "गोपनीय, फक्त मंडळासाठी" असा एक रकाना होता. त्यात पहिल्या लग्नाची हकीकत व मोडण्याचे कारण लिहिले. ते कारण इथे पुन्हा लिहून घेऊ नये.

मी चहाला जायला उठले. पलीकडे पुतण्यासाठी स्थळ पाहायला आलेले हिंदुराव काका मोठ्याने म्हणाले, "अगं माधवी, माझ्या कॉम्प्युटरवर तुझं नाव आलंय. मी पोरगी झालो की काय या वयात?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा कॅफे भरलेले होते. सगळ्यांना मी ओळखत नव्हते.

त्याच आठवड्यात मोबाइलवर फोन आला. पुरुषाचा आवाज, सावकाश बोलणारा. म्हणाला, "पहिल्याबद्दल आपली काही हरकत नाही." नाव सांगितले नाही. मी फोन ठेवला. नंतर पुन्हा फोन आले. एकदा म्हणाला, "कंपनीत अजून बोलला नाहीत ना? मी पण नाही बोलणार. भेटा एकदा." रकान्यात लिहिलेले शब्द त्याने जसेच्या तसे म्हणून दाखवले. ते मी आईलासुद्धा त्या शब्दांत सांगितलेले नाहीत. शेवटचा फोन आमच्या कंपनीच्या गेटसमोरच्या पीसीओवरून आला. नंबर ओळखून मी धावत बाहेर गेले, पण तोवर तिथे कोणी नव्हते. त्या दिवसापासून मी गेटवर एकटी उभी राहत नाही. मला भीती वाटते.

विष्णुपंतांना सांगितले तर ते म्हणाले, "तूच कुणाला पासवर्ड दिला असशील. आता बोभाटा नको, मंडळाचं नाव जाईल." मी म्हटले, चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? मग त्यांनी वेबसाइट बनवणारे हरेश लालवाणी, राहणार उल्हासनगर, यांच्याकडे पाठवले.

हरेश म्हणाले, "ताई, माझा फॉर्म माझ्या साइटवरून येऊन मंडळाच्या साइटच्या पोटात बसतो. ब्राउजर बोलतो, ये तिसरा आदमी है, याची कुकी मी ठेवणार नाही." कुकी म्हणजे आलेला माणूस ओळखण्यासाठी कॉम्प्युटरवर ठेवलेली चिठ्ठी, असे त्यांनी समजावले. चिठ्ठी राहत नसल्याने दर पानावर पुन्हा पासवर्ड मागितला जाई व लोक वैतागत. "म्हणून जुगाड केला. कुकी सोडली, नेट कनेक्शनचा नंबर पकडला. त्या नंबरवरून जो येईल तो थोडा वेळ तोच माणूस समजायचा. घरी टेस्ट केला, मस्त चालला."

त्यांच्या घरी कॉम्प्युटर एकच आहे. कॅफेतले सगळे कॉम्प्युटर एकाच कनेक्शनवर, एकाच नंबरने चालतात. म्हणजे मी पासवर्ड टाकल्यावर तिथे बसलेला प्रत्येकजण माधवी शेलार झाला. हिंदुराव काकांचे ते बोलणे मी सांगितल्यावर हरेश यांनी कपाळाला हात लावला व फॉर्म तिथल्या तिथे बंद केला.

माझी माहिती कोणी उघडली, असे मी विचारले. त्यांनी त्या दुपारच्या नोंदी काढल्या. अनेकदा उघडलेली आहे, पण पाहणाऱ्याचे नाव सगळीकडे माझेच आहे. आज इथेही मला तेच सांगण्यात आले, की नोंदीप्रमाणे तुमची माहिती तुम्हीच पाहिली आहे, मग तक्रार कोणाविरुद्ध लिहायची? मला नाव माहीत नाही. आवाज माहीत आहे. तो माणूस शोधावा, एवढीच माझी मागणी आहे. कंपनीत चौकशीला यायचे झाल्यास गणवेशात येऊ नये.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. हळू वाचा, अशी मी विनंती केली. सगळ्यांचा असाच वाचतात, असे ते म्हणाले. दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांनी ऐकले. त्यांच्यापैकी कोणी काही बोलले नाही, त्यामुळे मला आवाज पडताळता आला नाही. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही / माधवी बा. शेलार