फुलदाणीत थुंकलेली स्टाउट

...आणि वर मलाच विचारतात, "थुंकलात कशाला?" अहो, थुंकू नको तर काय करू? उभा जन्म चहाच्या कंपनीत चहा चाखण्यात गेला माझा! सकाळपासून ओळीने कप मांडलेले, चमचाभर चहा असा फुर्रर्र करून ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत... थू! सगळा गिळत बसलो तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकेन का मी? आता तुम्हीच सांगा, चव घ्यायची म्हणजे दुसरं काय करायचं असतं?

तर तुम्हाला सांगतो, रविवारी दुपारी लेक तिच्या त्याला घेऊन आली. मागणी घालायला! एका हातात फुलं, काखेत बाटली. लेकीनं मला बाहीला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "बाबा, ही स्टाउट, म्हणजे काळी बिअर, त्यानं स्वतः बनवलीय. नोकरी सोडून हेच करणारे. तुम्ही चांगली म्हणालात, तरच तो लग्नाचं बोलेल. जाम घाबरलाय हो!" म्हणजे बघा, पोरीचं लग्न माझ्या जिभेवर!

मुलगा बाटली उघडत म्हणतो, "काका, अं... मुद्दाम फार गार नाही केली. गारठली की वास दबतो." मी कान टवकारले. हा तर आपल्यातला दिसतोय! ग्लास खिडकीसमोर धरला. काळीकुट्ट... पण कडेला, अगदी कडेला, लालसर झाक! फेससुद्धा पांढरा नाही, बदामी. बिअर म्हणजे पिवळी, एवढंच आमचं ज्ञान! नाक घातलं तर कॉफी. "कॉफी घातलीस?" "नाही काका, जव भाजलेत." नुसते जव? मग ही जळकी साखर कुठून आली? "भाजण्यातूनच, काका." कुतूहल असं चाळवलं म्हणून सांगू, लेक विसरलो, लग्न विसरलो! फुर्रर्र करून ओढली, घोळवली... कडू, मग गोड, मग पुन्हा कडू, वा! आणि हाताशी आली ती फुलदाणी ओढून... थू!

त्यानं आणलेल्या फुलांवर.

त्याचं तोंड एवढंसं झालं. लेक रडत आत पळाली. बायको म्हणते, "शोभतं का हो हे? मुलगा नसेल पसंत तर तोंडानं सांगायचं!" अगं, आवडली म्हणून तर एवढी घोळवली! पण ऐकतंय कोण? तो बूट घालायला लागला हो! आता तुम्हीच सांगा, चव घ्यायची म्हणजे काय करायचं?

शेवटी ग्लास घेऊन दारात त्याच्यासमोर उभा राहिलो आणि गटागटा... गिळली! सगळी! आणि तुम्हाला सांगतो, घशाखाली उतरल्यावर मागून हळूच आणखी एक चव येते... उबदार, कोकोसारखी... मला ठाऊकच नव्हती! "थांब थांब, हे शेवटी काय आलं रे?"

"ते गिळल्याशिवाय कळत नाही, काका," असं पुटपुटला आणि त्यानं एक बूट काढला.

"मग दुसराही काढ, आणि ओत अजून!"

लग्न ठरलं. सगळं गोड झालं. पण सोमवारी कामावर पहिला चमचा घोळवला आणि मनात आलं, यालाही मागून काही येत असेल का?... गिळला. दुसराही गिळला. अख्खी ओळ गिळली! साहेब धावत आले, "अहो, बरं नाही का? डॉक्टरांना बोलावू?"

घरी थुंकलं तर लेक रडते, कामावर गिळलं तर डॉक्टर येतो... आता तुम्हीच सांगा, चव घ्यायची तरी कुठे?