शेजारच्या कुकरची चौथी शिट्टी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी झालं बघा हे. माझ्या लेकीला, स्वराला, शाळेत रोज उशीर व्हायचा, शाळेवाले गेटवरूनच परत पाठवायचे. म्हणून घरात नियम केला: कुकरची पहिली शिट्टी आंघोळीची, दुसरी डब्यांची, तिसरीला सगळे दाराबाहेर.

त्या दिवशी मी अजून डाळच धूत होते, तर अर्धी दाढी केलेले हे आणि स्वराला ओढत सासूबाई दारात!

"अहो, आपला कुकर चढलाच नाही अजून!"

भिंतीपलीकडून शेजारच्या वहिनी ओरडल्या, "माझे छोले आहेत गं!"

तेवढ्यात चौथी शिट्टी झाली. सासूबाई घाबरल्या, "आता चौथीला काय करायचं?"

पण स्वरा वेळेत पोचली. मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीतलं कोणी भेटलं तर वहिनींना निरोप द्या, छोले रोज लावा, फक्त रविवारी नको.