पाच आठवड्यांचा पालक

सकाळी सव्वाअकरा. रुग्णालयाचा तिसरा मजला, हृदयविभागाबाहेरचा बाक.

"नाही नाही, पिशवीत ठेवू नका – ते पिवळं कार्ड जरा परत दाखवा ना, ताई. तुमच्या भावाचं ना? त्यांचीही झडप बदललीय म्हणालात – आमच्या ह्यांचीही, चार वर्षं झाली – आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्याही त्याच. मग ही खालची ओळ वाचा बरं. चष्मा आहे माझ्याकडे, पण तुम्हीच वाचा... 'पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू नये, गोळीचा परिणाम कमी होऊन गुठळी होऊ शकते.' असंच आहे? म्हणजे मी बरोबरच वाचलं. अरे देवा.

आम्हाला नाही मिळालं हे. तुम्हाला कुणी दिलं? मागितल्यावर? अहो, पण असं काही असतं हे ठाऊक असल्याशिवाय माणूस मागणार कसं? आम्हाला काय मिळालं सांगू – हिरवं पत्रक. खाली गोळ्यांच्या खिडकीवर गठ्ठाच असतो – 'घरातल्या प्रत्येकाच्या ताटात रोज पालेभाजी, रोज फळं' – वर हसरं कुटुंब. गोळ्यांच्या पिशवीतच घातलं खिडकीवरच्या बाईंनी. मी फ्रिजला चिकटवलं. घरातल्या प्रत्येकाच्या म्हणजे ह्यांच्याही, नाही का? मी कपडे शिवते, ताई – माप दिलं की मापानं कापते, माप कुणी घेतलं ते विचारत बसत नाही.

आणि आमचे हे घड्याळजी. दुकानात डोळ्याला भिंग लावतात, तेच जेवताना! भातात हिरवा ठिपका दिसला की ताट सरकवलंच – 'मी काय शेळी आहे का?' तीस वर्षं हेच वाक्य. मग मीही हट्टाला पेटले. पालक वाटला, डाळीत मिसळला, वरून बीट आणि टोमॅटो – हिरवं दिसतंय कुणाला? सकाळी एक जुडी, संध्याकाळी एक. पाच आठवडे. बोटं चाटून खाल्लं हो त्यांनी. परवा तर म्हणाले, तुझ्या हाताला म्हातारपणी चव आली. मी मनातल्या मनात हसले. लेकीलाही सांगितलं नव्हतं – तिच्या पोटात काही राहत नाही.

काल दुपारी दुकानात ह्यांच्या हातातून भिंग पडलं. हे उचलायला वाकले, तर उजवा हात उचलेना. तोंड वाकडं, शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, गुठळी – गोळ्या चुकवल्यात ह्यांनी. लेक रडत रडत बापालाच बोलली, 'बाबा, एक गोळी वेळेवर घेता येत नाही तुम्हाला?' आणि हे नुसती मान हलवत होते – नाही, नाही. चुकवतील कसे? आठच्या ठोक्याला गोळी घेणारा माणूस! मी रोज बघते की. तरी मी गप्प. गप्प का म्हणजे... मला तेव्हा पालकाचं कुठे ठाऊक होतं?

ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरांनी विचारलं होतं, ताई. 'खाण्यात काही बदल?' मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच. लेक शेजारी उभी, हे माझ्याकडेच बघत होते – आणि मी म्हणू, की नवऱ्याला चोरून पालक खाऊ घातला? जीभच वळेना. इतकंच. इतक्याशा लाजेपोटी. आणि आता ते आजपासून गोळी वाढवणार आहेत – आधीची पुरली नाही असं धरून. इथल्या मऊ भातात तर पालकाचं पानसुद्धा नाही. मग रक्त किती पातळ होईल हो? आत कुठे वाहायला लागलं तर? नको, मागची बाजू नका वाचू. नका ना!

आले डॉक्टर. लेकही आहे बरोबर. ते कार्ड द्या इकडे – त्यांना दाखवते, पालकाचं सांगते – देते हो परत – सोडा, ताई. आणि माझ्यामागे येऊ नका. तुम्ही बसा इथेच."

दार मिटलं.

खाली, गोळ्यांच्या खिडकीवर, हिरव्या पत्रकांचा गठ्ठा त्या सकाळीही होता. पिवळी कार्डं आतल्या कपाटात असतात. मागितली तर देतात.