सायलीची वीत

दौंडच्या स्टँडवर सुषमाच्या मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते. एकाच्या मांडीवर गणवेशातली नात झोपली होती.

“आमची सायली दुसरीत हाय, आबा. बाईंनी सांगितलं, घरातलं कायबी वितीनं मोजा. हिनं दाराची चौकट मोजली. सात वीत रुंद.”

“मग?”

“म्या शिरूरच्या सुताराला तेच माप धाडलं.”

“आन् त्यानं?”

“त्याच्या वितीनं दार केलं. टेम्पोतनं उतरवताना म्हणला, आप्पा, बंगला बांधला का काय?”

“आता त्या दाराचं?”

“अंगणात आडवं टाकलंय. पोरं त्याच्यावर जेवायला बसत्यात.”

“आन् घराला?”

“दुसरं सांगायलाच शिरूरला निघालोय.”

“ह्या बारीला माप नीट घेतलंय न्हवं?”

सुषमानं वळून पाहिलं. आप्पांनी झोपलेल्या नातीचा इवलासा पंजा उघडून धरला होता.

“घेतलंय की. हे बघा, संगंच आणलंय.”