ॲन आर्बरचे घट

हसू नका, मश्रूम दिसलं की माझे हात आपोआप जोडले जातात.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. मी ॲन आर्बरला पीएचडी करत होतो. तिथल्या थंडीत बाहेर काही उगवत नाही, म्हणून घरातच मश्रूम लावायचं खोकं पोस्टानं मागवलं. आत ओली, काळी माती. अंधार हवा म्हणून ते कपाटात ठेवलं. त्याच आठवड्यात आई पहिल्यांदा अमेरिकेला आली.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी लॅबमधून येऊन बघतो, तर कपाट उघडं, मातीत मधोमध पाण्याचा तांब्या, शेजारी दिवा आणि आईच्या डोळ्यांत पाणी.

"मला वाटलं, इकडे येऊन सगळं विसरलास. आणि तू चक्क घट बसवायची तयारी केलीस!"

तिचा आनंद कोण मोडणार यार? मुकाट्यानं आरतीला उभा राहिलो. आई रोज डोळे मिटून भक्तिभावानं पाणी शिंपडायची. पीक असं तरारलं, की मी मनातल्या मनात ऑम्लेट परतत होतो.

दसऱ्याला सकाळी आई खोक्यात वाकली. "अरे, ही तर अळंबी! गहू कुठायत?"

"आई, मी मश्रूमच लावली होती."

मग तिनं सगळ्यांत टपोरं मश्रूम खुडलं आणि माझ्या लोकरीच्या टोपीत खोवलं.

"घटात उगवलं ते दसऱ्याला टोपीत खोवायचं. दिवसभर काढू नकोस."

लॅबमध्ये प्रोफेसरांनी टोपी निरखून विचारलं, "हे खाता येतं?"

म्हटलं, "कालपर्यंत येत होतं. आज त्याचा देव झालाय."