अर्धी राहिलेली हळद

माजं माहेर माढ्याकडचं, आन् गळा म्हनाल तर आईचा. आई जात्यावर बसली की शेजारच्या बाया आपलं दळन घिऊन आमच्याच दारात. पुढं लगीन झालं तवा पंचक्रोशीत हळद कुनाचीबी असू दे, म्हनायचे, सोनाबाईला बलवा. मालकबी तसलेच मिळाले, स्वता गाडी जुपून न्यायचे मला, मांडवाच्या भाईर बसून ऐकायचे आन् येताना म्हनायचे, आज शेवटाला दम कमी पडला गं.

एकदा सोलापुरातली मानसं मशीन घिऊन आली, गानं धरून ठिवायला. मी म्हनत गेली म्हनत गेली, एक ओवी ऱ्हायली तवर ती म्हनली बास, मशीनमधली पट्टी संपली. अवो म्हनलं, आमच्यात हळदीचं गानं अर्धं सोडत न्हाईत, शेवटची ओवी नवरीच्या आईची, ती झाल्याबिगर नवरी पाटावरनं उठत न्हाय. ती हसली आन् गेली की. त्याच साली मालक गेले, ल्योक मांडीवर. आता विधवेला हळदीत कोन उभं करतंय? कुनी बलवलं न्हाय, मीबी गेली न्हाय. लई लागलं मनाला. त्यापायी जात्यावरसुदिक गायली न्हाय मी. ल्योकाला मानसं सांगायची, तुजी आई गायची म्हून, पर त्यानं कदी ऐकलं न्हाय.

आन् ह्या महिन्यात सोलापुरात, जुळे सोलापूर म्हनत्यात त्या भागात, नातीची हळद. मी आपली सैपाकघरात, दाराआड. नातीच्या मैत्रिनीनं मोबाईलवर जुनं गानं लावलं. काय सांगू ताई तुमाला, हातातली वाटी खाली पडली. आवाज माजाच व्हता, इशीतला. वाटलं मी मेली का काय, आन् मागं ऱ्हायलेला आवाज ऐकतीय. भाईर ईनबाई, नवरदेवाची आई, म्हनत्यात, कोन का असंना, सवाशिनीचा गळा हाय.

मग पट्टी संपली व्हती तितंच गानं थांबलं, अर्ध्यात. पोरी म्हनल्या, संपलं, ऊठ गं. नात उठाय लागली. अर्ध्या गान्यात पोर उठवायची, का विधवेनं हळदीत तोंड उघडायचं, दोन्हीबी वंगाळच की. पर तोंड कवा उघडलं मलाच कळलं न्हाय. दाराआडनंच म्हनली,

हळद लागली लेकीला, हात पिवळं आईचं,
धू नको गं माय, एवढंच ऱ्हातंय बाईचं.

नात पाटावर खाली बसली. ल्योक दारात येऊन नुसताच बगतोय, साठीचा बाप्या. त्याच्या मागनं ईनबाई आल्या, माजं मोकळं कपाळ बगितलं आन् जाग्यावरच थांबल्या. मी भितीला टेकली. म्हनलं आता काय ऐकाय लागतंय. तर त्या म्हनल्या, भाईर या, आन् पोरीपुढं बसून म्हना. हळदीची वाटी त्यांनीच हातात दिली.

म्हनली. शेवटाला दम पुरला न्हाय, पर त्ये सांगनारं मानूस आता कुटं हाय. पोर सुखी ऱ्हाऊ दे माजी. हे बगा, नखात हळद हाय अजून.