भूकंपात पहिला नंबर

औशाच्या स्टँडवर लातूरची गाडी काही लागेना, तेव्हा मडिवाळप्पांनी आपले कान मागच्या बाकावर नेऊन ठेवले. तिथं दोन आया शाळेनं फोनवर पाठवलेल्या, आपल्या लेकरांच्या दुसरीच्या वर्गाच्या आठवड्याच्या बातम्या वाचत होत्या.

“शरणम्मावहिनी, भूकंपाची तालीम झाली म्हणं. घंटा वाजली की लेकरांनी मैदानात पळायचं.”

“मॅडमनी नंबर टाकले का?”

“नंबर काढले न्हाईत, असं लिहिलंय.”

“मग कळायचं कसं, लुबनाभाभी?”

“मी यासेरलाच इचारलं. पहिला आला!”

“नशीब काढलं बाई पोरानं! कुठल्या क्लासला घातलंय?”

“डॉक्टरकीच्या फाउंडेशनला, लातूरला. तुमची मंजुषा?”

“सांगायची लाज वाटते. शेवटली.”

“अगं बाई! का?”

“शेजारची पोरगी भिऊन रडाय लागली. तिचा हात धरून बसली येडी. येत्या शुक्रवारी परत तालीम हाय. बजावलंय तिला, कुणाकडं बघायचं न्हाई.”

गाडी लागली. लुबना जागची हलली नाही.

“वहिनी, खरा भूकंप आला तर... मंजुषाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसतं?”

“कुणी न्हाई. का?”

“मॅडमला सांगून आमच्या यासेरला तिथं बसवते.”